झेनोनासची बाग, तीस सप्टेंबरपर्यंत

क्लायपेदात, फेरीच्या धक्क्यामागे
वायदोतासचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
आल्दोनानं काउंटरवर ठेवला नवऱ्याचा जुना कन्सोल,
लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेला,
ताप आलेल्या पोरासारखा.
'बिघडलेला नाही,' म्हणाली, 'पण पत्र आलंय.'

पत्र कंपनीचं. भाषा मऊ,
नकार देणाऱ्यांची असते तशी.
तीस सप्टेंबर, रात्री बारा, सर्व्हर बंद.
आपण वस्तू विकत घेतली नव्हती,
वापरायची मुभा घेतली होती,
कलम चौदा पाहावे.

झेनोनासनं त्या खेळात सफरचंदाची एकोणीस झाडं लावली होती.
ती खऱ्या कॅलेंडरनं वाढतात.
मार्चमध्ये छाटणी, हिवाळ्यात बुंध्याला गवत.
फेब्रुवारीत तो गेला.
तेव्हापासून रोज, भांडी विसळून झाली की,
ती त्याच्या नावानं आत शिरते,
पाणी घालते, बाकावर बसते.
पलीकडे तलवारी चाललेल्या असतात,
तिकडे ती कधी फिरकली नाही.

दुकानात माणसं चार, मतं सात.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, खेळच ना शेवटी.
मग जरा वेळानं, स्वतःशीच:
माझ्याकडेही दोन हजार पुस्तकं आहेत त्या यंत्रात.
क्रेनवाला रोलांदास उखडला:
'गाडीची सीट गरम करायला महिन्याचे पैसे मागतात!
बूड माझं, सीट माझी, ऊब तेवढी त्यांची.'
म्हातारा ब्रोन्युस श्रवणयंत्राचे सेल घेत होता.
'आमच्या वेळी फोनमध्ये टक् व्हायचं.
कळायचं, कोणीतरी ऐकतंय,
मग आम्ही बटाट्यांवर बोलायचो.
आता टक् होत नाही.
आणि परवानगी मीच दिलेली असते.'
उग्न्युस, वय पंधरा, मान खाली:
'अटी सगळेच मान्य करतात. वाचतं कोण?'
'मी वाचल्या,' आल्दोना म्हणाली.
'तीन संध्याकाळी लागल्या.
त्यात झाड हा शब्द एकदाही नाही.'

कसेल त्याची जमीन, असं आपण म्हणत आलो.
इथे कसणाऱ्याचं नाव कुठल्या उताऱ्यावर?
कुळाला निदान बांध तरी ठाऊक असायचा.

वायदोतासनं स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचला.
'कुलूप तोडता येईल. बागही बहुतेक काढता येईल.
पण त्यांनी पुसली तर तो व्यवहार,
आणि मी वाचवली तर चोरी.'
त्यानं परवान्याच्या चौकटीकडे पाहिलं,
बायकोच्या फोटोशेजारीच टांगलेली.
कोणी काही बोललं नाही.
फेरीचा भोंगा झाला.

'तोडायला नाही आले,' ती म्हणाली,
'बटण अडकतंय. टोपली उचलायचं.'

तीस तारखेला दुकान रात्रीही उघडं होतं.
सफरचंदं पिकायला अजून नऊ दिवस,
पण कच्ची तर कच्ची.
उग्न्युस घरूनच आत आला,
अंगात ड्रॅगनच्या कातड्याचं चिलखत, शिंगं वगैरे,
आणि शहाण्यासारखा शिडी धरून उभा राहिला.
त्याच्यामागे त्याचे कोण कोण दोस्त,
एक ब्राझीलचा, एक म्हणे नर्स,
ज्यांना झेनोनास फक्त 'हळू खेळणारा' म्हणून माहीत.
रोलांदासला काही जमेना, तो विहिरीत पडला.
बाई हसल्या. त्या आल्या होत्या, हो.

अकरा एकोणसाठला सोळा झाडं झाली होती.
मग पडदा पांढरा.
मग: सेवा समाप्त. आपला अनुभव कसा होता?
पाच तारे, रिकामे, ओळीनं.

'शून्य देता येतं का?' ब्रोन्युसनं विचारलं.
'नाही. कमीत कमी एक.'

आल्दोनानं मफलर झटकला, कन्सोल गुंडाळला,
बटण छान चालतंय म्हणाली,
आणि दुरुस्तीचे आठ युरो
नाणी मोजून काउंटरवर ठेवले.
वायदोतास पावती फाडत होता.
तिनं ती दोनदा वाचली,
पुढूनही, मागूनही.